रुजुवात

कोर्टातून मिळालेल्या जुन्या नकलेचं शेवटचं पान पाहिलंत, तर शिक्क्याच्या आसपास बारीक अक्षरात दोन ओळी दिसतात. ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजुवात घेणार’. दोन्हींपुढे वेगवेगळ्या सह्या. एकाने मूळ कागदावरून उतरवून काढायचं आणि दुसऱ्याने ते मुळाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायचं, अशी ती जुनी रीत. शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि कचेऱ्यांत मुरला.

भाषांतराची पदविका हातात पडली तेव्हा हा शब्द मला माहीत नव्हता. आज कोणी विचारतं, की नुकतंच शिकून बाहेर पडलेल्या भाषांतरकाराने अनुभव कुठून आणायचा, तेव्हा मला आधी हाच आठवतो.

माझा निकाल लागला २०१६ च्या जूनमध्ये. पहिला वर्ग मिळाला. कळव्याच्या घरी आईने शेजारीपाजारी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी मी अर्ज करायला बसले. मुंबई, नवी मुंबई, पुणे, बंगळूर, जिथे म्हणून मराठी-इंग्रजी काम करणारी एजन्सी सापडली तिथे बायोडेटा पाठवला. उत्तरं थोडी आली. आली त्यांत एक ओळ ठरलेली होती: किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. हे सगळीकडेच असतं असं लोक समजुतीने सांगत. पण नव्या वकिलाला सीनियरच्या ऑफिसात बसता येतं. सीए होणाऱ्याला आर्टिकलशिप करावीच लागते. डॉक्टर इंटर्नशिपशिवाय डॉक्टर होत नाही. जर्मनी, स्पेनसारख्या देशांत शपथबद्ध भाषांतरकार असतात, त्यांची अधिकृत यादी असते. आपल्याकडे भाषांतरकाराला सनद नाही, मग उमेदवारी कुठली असणार? दोन भाषा येतात म्हणणारा प्रत्येक जण भाषांतरकार. मग कोणाला काम द्यायचं हे ठरवताना समोरच्याच्या हाती वर्षं मोजण्याखेरीज दुसरं माप उरत नाही.

काही एजन्सींनी चाचणी दिली. चाचणीला माझी ना नाही. दोन-तीनशे शब्द करायला तास-दीड तास जातो आणि तेवढ्यावरून माणसाची भाषा कळते. त्याहून मोठं काही मागितलं तर पैसे द्यायला हवेत, असं माझं तेव्हाही मत होतं, पण तेव्हा ते बोलायची हिंमत नव्हती. एका ठिकाणाहून दीड हजार शब्दांची ‘सॅम्पल’ फाइल आली. राइस कुकरची माहितीपुस्तिका. दोन रात्री जागून मी ती केली. ‘कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही.

चार-पाच महिन्यांनी मावशीकडे नवा राइस कुकर आला. खोक्यातली पुस्तिका मी सहज उघडली आणि सुरक्षेच्या सूचनांमध्ये माझं वाक्य दिसलं: ‘झाकणाच्या भोकातून वाफ निघत असताना वर वाकून पाहू नका.’ त्या ‘वर वाकून पाहू नका’वर मी किती वेळ घालवला होता ते मलाच माहीत. इंग्रजीत चेहरा आणि सुरक्षित अंतर वगैरे होतं, आणि मला मावशीसारख्या बाईला ओट्यापाशी उभं राहून कळेल असं काही हवं होतं. पैसे बुडाले याचं वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते वेगळंच. पुस्तिकेत दोन वाक्यं माझी नव्हती. कोणीतरी ती बदलली होती. का बदलली? माझं चुकलं होतं, की त्यांना जागा कमी पडली होती? मी मावशीच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती दोन वाक्यं कितीदा तरी वाचली. त्या सगळ्या कामातून शिकण्यासारखं होतं ते तेवढंच, आणि तेच माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

त्यानंतरचे काही महिने असेच गेले. शब्दाला साठ पैशांनी मिळेल ते केलं. फाइल यायची, फाइल जायची, पंचेचाळीस दिवसांनी कधी पैसे यायचे, एकदा आलेच नाहीत. एकही फाइल परत आली नाही. चांगलं झालं म्हणून नाही आणि वाईट झालं म्हणूनही नाही. त्या काळात मी हजारो शब्द केले. त्यांना अनुभव म्हणावं का, हा प्रश्न मला आजही पडतो, आणि माझं उत्तर बरंचसं ‘नाही’ असंच आहे.

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरच्या ऑफिसात मी पोचले ती शेजारच्या काकूंमुळे. त्यांच्या माहेरच्या जमिनीचा दावा होता आणि त्यांच्या वकिलीणबाईंना कागदांचं इंग्रजी करून देणारं कोणीतरी हवं होतं. ठाण्यात हे काम कधीच संपत नाही, त्याला कारण आहे. राज्य सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनंतर जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. उच्च न्यायालयाचं कामकाज मात्र घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे इंग्रजीत चालतं. त्यामुळे खालचं प्रकरण अपिलात वर जायचं तर फिर्याद, जबाब, पंचनामे, सातबारे, फेरफार, खरेदीखतं, सगळा गठ्ठा इंग्रजी करून जोडावा लागतो. पानाला दीडशे रुपये ठरले. घासाघीस करायची माझी तयारी नव्हती. मॅडमनी एकच अट घातली.

‘नानांनी रुजुवात घेतल्याशिवाय कागद माझ्या टेबलावर आणायचा नाही.’

नाना म्हणजे निवृत्त शिरस्तेदार, कोर्टातल्या कारकुनांचे वरिष्ठ. नोकरीची पहिली अकरा वर्षं त्यांनी नक्कल विभागात काढली होती. नौपाड्यातून चालत यायचे, अकराच्या सुमारास. खिडकीजवळचं लाकडी टेबल त्यांचं. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायला ते कधी धजले नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, इंग्रजी तपासायला इंग्रजीचा जाणकार नको का?

त्यांची पद्धत अशी. चार वाजता, मॅडम कोर्टातून यायच्या आधी, आम्ही समोरासमोर बसायचो. मूळ मराठी कागद त्यांच्या हातात, माझं इंग्रजी माझ्या हातात. मुळाकडे मी पाहायचं नाही. ते एक वाक्य मनात वाचणार. मी माझ्या इंग्रजीवरून ते मराठीत सांगणार. जुळलं तर ‘हं’. नाही जुळलं तर शिसपेन्सिलने समासात बारीक फुली. का, ते सांगायचे नाहीत. शेवटी फुल्या मोजून आकडा कागदाच्या डोक्यावर लिहायचे आणि गठ्ठा मला परत. ‘उद्या आण.’

आणि सुरुवात पहिल्या ओळीपासून कधीच नाही. जमिनीचा कागद असला की आधी चतुःसीमा. ‘पूर्वेस वाच.’ पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. चारही बाजू जुळल्या की मग वर जायचं. जमीन कुठली तेच चुकलं तर बाकीचं बरोबर असून काय करायचं, असं ते म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात एका पानावर चौदा फुल्या पडल्या. ‘आकार’ला मी क्षेत्राचा काहीतरी प्रकार समजले होते. सातबाऱ्यावरचा आकार म्हणजे जमिनीवरची सरकारी आकारणी, रुपये-पैशांत. ‘वर्दी’चं मला काहीच कळलं नव्हतं. फेरफारात ‘वारसांनी वर्दी दिल्यावरून’ असं येतं, म्हणजे तलाठ्याला खबर दिल्यावरून. ‘साठेखत’ म्हणजे विक्रीचा करार आणि ‘खरेदीखत’ म्हणजे प्रत्यक्ष विक्री. मी दोन्हीला एकच इंग्रजी शब्द वापरला होता, आणि त्या दोहोंत मालकी कोणाची एवढा फरक आहे. ‘दरखास्त’ला मी साधा अर्ज केलं होतं. आपल्याकडच्या कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची, कोर्टाने दिलेल्या निकालाची, अंमलबजावणी मागणारा अर्ज. यातला एकही शब्द अवघड नाही. सगळे मी लहानपणापासून ऐकलेले. म्हणूनच कोश उघडायचं मला सुचलं नव्हतं.

मग उघडायला लागले. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं. तिथे जाऊन बसायचे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घेऊन. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कोशात कचेरीचे शब्द असे भेटतात, जसे काल कोणी वापरून ठेवलेत. चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारातून भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आणला. तो नसता तर मी कितीतरी शब्द स्वतःच्या मनाने घडवले असते आणि दोन वकिलांनी एकाच गोष्टीसाठी दोन शब्द वाचले असते. पण कोश मी विचारलेल्या शब्दाचंच उत्तर देतो. मी जे विचारतच नाही, तिथे तो काय करणार?

याचंच एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ती दुपार मी विसरलेले नाही.

एका सातबाऱ्यावर जुन्या फेरफाराची नोंद होती. बाप मयत, वारस म्हणून मुलाचं नाव, त्यापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि आईचं नाव. मी इंग्रजीत मुलाचं नाव लिहिलं, पुढे ए. पी. के. अशी तीन अक्षरं ठेवली, स्वल्पविराम दिला, मग आई आणि तिचं नाव. टिंबं दिसली म्हणजे आद्याक्षरं असणार, असं मी धरून चालले होते. रुजुवातीत मी माझ्या कागदावरून म्हटलं, ‘मुलगा ए. पी. के., आणि त्याची आई.’ नानांनी फुली केली. मग म्हणाले, पुन्हा सांग. मी तेच सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ते सहसा ठेवत नसत.

‘नावं किती आहेत?’

‘दोन.’

‘जमीन कितीजणांची?’

मी ‘दोघांची’ म्हणणार होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

‘अज्ञान पालनकर्ता,’ नाना म्हणाले. ‘जमीन एकट्या पोराची आहे बाळ. आई नुसती सांभाळणारी.’

कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अजाण नव्हे, अठरा वर्षं पूर्ण न झालेला. सज्ञानच्या उलट. हे मला कोशात सापडलं असतं, पण ती तीन अक्षरं कोशात कुठल्या पानावर शोधायची? आणि या प्रकरणात सगळं त्यांच्यावरच येऊन ठेपलं होतं. आईने काही वर्षांनी ती जमीन विकली होती, कोर्टाची परवानगी न घेता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत पालकाला तशी विकता येत नाही. विकली, तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकतो. त्याने तेच केलं होतं. खाली तो जिंकला होता आणि प्रकरण अपिलात मुंबईला चाललं होतं. माझ्या इंग्रजीत मात्र आई-मुलगा दोघं मालक झाले होते. म्हणजे आईने निदान आपला हिस्सा तरी विकला, असं वाचणाऱ्याला वाटलं असतं.

मला त्या दिवशी रडू आलं नाही, पण घरी जाताना मी कळव्याची बस सोडून पूल चालत ओलांडला. खाडीला भरती होती. मनात एकच गोष्ट घोळत होती. मला कळलं नव्हतं, हे ठीक. पण कळलं नाही हे मी कागदावर कुठेच सांगितलं नव्हतं. ती तीन अक्षरं अशी उचलून ठेवली होती, जणू मला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून न कळलेल्या जागी मी चौकटी कंस टाकून प्रश्न लिहायला लागले. पुढे एजन्सींकडे ‘क्वेरी शीट’ नावाचा रीतसर तक्ता असतो हे समजलं, तेव्हा मला त्याची सवय झालेली होती. नवीन लोकांना वाटतं, प्रश्न विचारले तर कच्चे समजतील. माझा अनुभव उलटा आहे. ज्या फाइलबरोबर एकही प्रश्न येत नाही तिची मला आता भीती वाटते.

दुसरी एक गोष्ट फिर्यादींची. भांडणाच्या फिर्यादीत शिव्या असतात, जशाच्या तशा. पहिल्यांदा अशी फिर्याद आली तेव्हा मी ‘आरोपीने अश्लील शिवीगाळ केली’ एवढंच इंग्रजी केलं. मॅडमनी कागद परत केला. ‘शिवीगाळ केली हा तुझा निष्कर्ष झाला. तो काय म्हणाला ते लिही. तो पुरावा आहे.’ अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रकरणांत, १९८९ च्या कायद्याखाली, नेमका उच्चारलेला शब्दच कित्येकदा गुन्ह्याचा गाभा असतो. तो सौम्य करणं म्हणजे ज्याला तो ऐकावा लागला त्याच्यावर पुन्हा अन्याय करणं. हे पटलं. लिहायला हात जड झाला, पण लिहिलं. आधी मराठी जसंच्या तसं इंग्रजी लिपीत, पुढे अर्थ. आणि रुजुवातीच्या वेळी नाना त्या ओळीपाशी आले की माझ्याकडून ती म्हणवून घ्यायचे नाहीत. मूळ कागद टेबलावर माझ्या बाजूला सरकवायचे, त्या शब्दावर नखाने टेकायचे आणि खिडकीबाहेर पाहायचे. मी माझं इंग्रजी त्यांच्याकडे सरकवायचे. दोघं आपापलं मनात ताडून बघायचो. मग ‘हं’.

त्या दहा महिन्यांत मी एक वही केली. डावीकडे माझं चुकलेलं, उजवीकडे बरोबर, खाली कुठल्या कागदात चुकलं ते. मॅडमनी शेवटी ऑफिसच्या लेटरहेडवर पत्र दिलं: दहा महिने, सुमारे ९०० पानं, दिवाणी आणि फौजदारी. हे पत्र जोडून अर्ज केले तेव्हा ‘दोन वर्षं’ची अट कोणी पुढे केली नाही. पानांचा आकडा आणि कामाचं नाव पुरलं. जे आता सुरुवात करतायत त्यांना मी आवर्जून सांगते, की नोंद ठेवा. तारीख, विषय, शब्द किंवा पानं, कोणी तपासलं. वर्षांपेक्षा ती जास्त बोलते.

त्याच सुमारास संध्याकाळी मराठी विकिपीडियावर लेख भाषांतरित करायलाही लागले. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून आहे. फुकट काम का करायचं, असं माझे काही मित्र विचारायचे. नफा कमावणाऱ्या कंपनीला फुकट काम देऊ नये या मताची मीही आहे, त्या कुकरनंतर तर पक्की. पण विकिपीडियावर प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. माझं वाक्य कोणी बदललं, कधी बदललं, आधी काय होतं आणि आता काय आहे, समोरासमोर दिसतं. एका अनोळखी माणसाने माझी ‘द्वारे’ एकामागून एक काढून टाकली होती. ‘समितीद्वारे निर्णय घेण्यात आला’चं ‘समितीने निर्णय घेतला’. महिनाभरात माझ्या कोर्टाच्या कागदांतूनही ‘द्वारे’ गेलं. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याने माझी रुजुवात घेतली.

लेटरहेडवरच्या पत्राने मला नवी मुंबईत काम मिळालं. औषधांच्या चाचण्यांची कागदपत्रं करणारी एजन्सी. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची, ऐरोली, रबाळे, घणसोली मागे टाकत जायचं. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत भाग घेणाऱ्याला संमतीपत्रातली माहिती त्याला समजेल अशा भाषेत, तांत्रिक शब्द टाळून द्यावी लागते. पहिल्या दिवशी समजावून सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, की आपण भाषांतर केलं की दुसरा भाषांतरकार मूळ न पाहता ते परत इंग्रजीत करतो आणि मग दोन्ही इंग्रजी ताडून पाहतात. ‘बॅक ट्रान्सलेशन म्हणतात त्याला.’ मला खिडकीजवळचं टेबल आठवलं आणि आत खूप बरं वाटलं. नानांनी हे नाव कधीच ऐकलं नसणार.

तिथलं एक काम माझ्या फार जवळचं आहे. दुखण्याविषयीची प्रश्नावली होती. रुग्णाने वाचून खुणा करायच्या: दुखणं कसं आहे? इंग्रजीत आठ-नऊ विशेषणं, आणि मी सगळ्यांना ‘वेदना’ धरून आधी काहीतरी लावलं होतं. तीव्र वेदना, धडधडणारी वेदना, अचानक उमटणारी वेदना. अशी प्रश्नावली वापरण्याआधी ती चार-पाच सामान्य माणसांना वाचून दाखवतात आणि त्यांना काय समजलं ते विचारतात. मी कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत गेले होते. घरचे पुरुष तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलणारे, मूळची सातारकडची माणसं. एक मावशी चष्मा लावून माझा कागद वाचत होत्या.

‘अचानक उमटणारी वेदना म्हंजे काय ओ?’

मी हाताने दाखवलं, अशी एकदम जाते ती.

‘मग सणक म्हणा की. सणक मारती. नायतर चमक. तुमाला कुठली पायजे?’

दोन्ही वेगळ्या का, असं मी विचारलं.

‘येगळ्या न्हाईत तर काय! चमक बसल्या जागी भरती, पाठीत, मानंत. सणक हितनं हितं जाती.’ त्यांनी कंबरेपासून पोटरीपर्यंत बोट ओढलं.

शेजारची बाई म्हणाली, मालकांना रात्री ठणका लागतो, तो निराळा. ठणका मोजून येतो, घड्याळासारखा. मग कळ. मग रग, ती दुखणं नव्हे, कामाची. उसण. पेटका. मुंग्या. चुरचुर आणि झोंबणं एक नव्हे. अर्ध्या तासात माझ्या कागदाचा मागचा भाग भरला. मी इंग्रजीतल्या आठ-नऊ शब्दांना मराठी शोधत होते, आणि त्या खोलीत दुखण्याला त्याहून जास्त शब्द होते, रोजच्या वापरातले, पोत्यांच्या वजनाने झिजून नेमके झालेले. ‘वेदना’ हा शब्द त्या सबंध दुपारी कोणी एकदाही उच्चारला नाही.

त्या प्रश्नावलीची अंतिम फाइल माझ्याकडे परत आली. अकरा ठिकाणी बदल, प्रत्येकापुढे कारण. कुठल्या शब्दाला कोणी काय समजलं, म्हणून काय केलं. बदलाचं कारण लिहून परत आलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली फाइल. मी तिची छापील प्रत काढून वहीत चिकटवली.

आता नव्याने येणाऱ्यांचं मला जास्त वाटतं. कुकरची पुस्तिका आज बहुधा कोणी माणसाला देणार नाही. यंत्र मराठी करून देतं आणि नव्या मुलांना ते ‘फक्त तपासून द्या’ म्हणून येतं, भाषांतराच्या निम्म्याहून कमी पैशांत. यंत्राशी माझं वैर नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ‘सुवास’ ही प्रणाली निकालपत्रांच्या भाषांतरासाठी आणली, आणि तिचं भाषांतरही माणसं तपासतात. मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. तपासणं हे भाषांतरापेक्षा सोपं काम आहे, असं धरून ते सगळ्यात नवख्याच्या हाती दिलं जातंय. यंत्राचं मराठी गुळगुळीत असतं. अडखळायला जागाच देत नाही. ‘अ.पा.क.’चा तो सातबारा मी एकदा मुद्दाम घालून पाहिला, तर त्यानेही तीन अक्षरं उचलून ठेवली, माझ्यासारखीच, आणि पुढे स्वल्पविराम दिला. तिथे थांबायचं कुणाला सुचेल? जो कधीतरी तिथेच चुकला आणि ज्याला कोणीतरी थांबवलं, त्याला. नाना अकरा वर्षं नकला करत होते, तेव्हा कुठे त्यांना रुजुवातीला बसवलं. हा क्रम उलटा करून चालेल असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षापासून माझ्याकडे एक मुलगी येते. यंदाच पदविका झाली. भिवंडीकडची आहे, आजोबांचे कागद वाचून मोठी झालेली, त्यामुळे काही शब्द तिला माझ्यापेक्षा चांगले येतात. तिला मी पानाचे पैसे देते, आणि चार वाजता आम्ही समोरासमोर बसतो.

नाना आता बदलापूरला मुलाकडे असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर दिसत नाही. पण जुन्या मोडी वळणाचा, पन्नासेक वर्षांपूर्वीचा एखादा कागद आला की मी फोन लावते. परवा असाच एक आला होता, शहापूरकडच्या जमिनीचा. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. तिच्या हातात तिचं इंग्रजी, माझ्या हातात मूळ. मी तारखेपासून सुरुवात करायला लागले, तर पलीकडून आवाज आला, ‘चतुःसीमा.’

मी मूळ वाचलं. पूर्वेस अमक्याचं शेत. पश्चिमेस गावरस्ता. तिने तिच्या इंग्रजीवरून मराठीत सांगितलं. दोन्ही जुळलं. ‘हं,’ नाना म्हणाले. दक्षिणेस ओहोळ, मी वाचलं. तिने सांगितलं, ‘दक्षिणेस नाला.’ मी पुढे ‘उत्तरेस’ म्हणणार एवढ्यात फोनमधून विचारणा झाली.

‘दक्षिणेस काय म्हणाली ती?’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल तिच्यापुढे सरकवली, आणि मूळ कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.